वाचकांचे प्रश्न : शरीरातील लोह आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य

फेरिटिन या तपासणीविषयी या सदरात पूर्वी थोडक्यात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच शंकेकडे आहे: शरीरातील लोह रक्तवाहिन्यांना अपाय करते का? काहींना लोह वाढल्याची भीती वाटते, तर काही जण ते कमी असूनही गोळ्या घ्यायला धजत नाहीत. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. नियमित तपासणीत फेरिटिन ४२० आले. हिमोग्लोबिन १४.८ आहे. लोह जास्त झाले की धमन्या आतून गंजतात, असे वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या हृदयाला धोका आहे का?

उत्तर : प्रत पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे. प्रयोगशाळेने ४२० हा आकडा ठळक छापला आणि आपली नजर तिथेच अडली. त्याच पानावर खाली ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २८ टक्के आहे, दाह दाखवणारे सीआरपी हे प्रथिन किंचित वाढलेले आहे आणि सोनोग्राफीच्या कागदावर यकृतात चरबी साठल्याची नोंद आहे. हे सर्व एकत्र वाचले तर चित्र बरेच बदलते.

फेरिटिन हे पेशींच्या आत लोह साठवून ठेवणारे प्रथिन आहे. त्याचा अगदी थोडा अंश रक्तात येतो आणि आपण तोच मोजतो. साठा वाढला की तो वाढतो हे खरे. परंतु शरीरात कुठेही दाह असला, यकृतात चरबी असली, वजन किंवा रक्तातील साखर वाढलेली असली, मद्यपान होत असले, तरीही तो वाढतो, आणि अशा वेळी लोहाचा साठा वाढलेला असेलच असे नाही. ट्रान्सफेरिन हे रक्तातून लोह वाहून नेणारे प्रथिन असून त्याच्या किती जागा भरलेल्या आहेत हे सॅच्युरेशनवरून कळते. साधारण २० ते ४५ टक्के हे प्रमाण ठीक मानले जाते. लोह खरोखर ओसंडून वाहू लागले की फेरिटिनबरोबर हे प्रमाणही चढते. ते पुन्हा पुन्हा ४५च्या वर येत असेल, तर शरीरात लोह साठत जाणाऱ्या हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. त्यासाठी एचएफई या जनुकाची तपासणी करता येते. हे जनुक १९९६ साली सापडले. आपल्या अहवालात तशी लक्षणे दिसत नाहीत. माझ्या मते आपले फेरिटिन लोहापेक्षा यकृताविषयी अधिक सांगत आहे, आणि आपल्या धमन्यांना खरा धोका असेलच तर तो या चरबीच्या मागे असलेल्या वाढलेल्या वजनाचा, साखरेचा आणि रक्तदाबाचा आहे. या गोष्टी आपल्या डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या.

आता आपण वाचलेल्या मुद्द्याकडे वळू. ती कल्पना निराधार नाही. तिला चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. मासिक पाळी चालू असेपर्यंत स्त्रियांमध्ये हृदयविकार पुरुषांच्या मानाने कमी का आढळतो, या प्रश्नावर १९८१ साली जेरोम सलिव्हन या अमेरिकी संशोधकाने असे सुचवले की, दर महिन्याला रक्ताबरोबर लोह जाते हेच त्यामागचे कारण असावे. १९९२ साली फिनलंडमधील १९३१ पुरुषांच्या अभ्यासात, फेरिटिन २०० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला आणि या विचाराला मोठे बळ मिळाले. पुढील अनेक अभ्यासांत मात्र तसा संबंध सातत्याने दिसला नाही. ज्यांच्या जनुकीय ठेवणीमुळेच लोहाचे प्रमाण जन्मभर थोडे अधिक राहते, अशा लोकांच्या २०१७ च्या विश्लेषणात तर हृदयाच्या धमन्यांच्या विकाराचा धोका उलट थोडा कमी निघाला. पुढच्याच वर्षी त्याच पद्धतीने पाहिल्यावर, हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याने होणाऱ्या पक्षाघाताचा धोका मात्र थोडा वाढलेला दिसला. लोह वाढले की धमनी बिघडते, इतके सरळ हे गणित नाही.

तरीही लोहाचा रक्तवाहिनीशी संबंध आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. रक्तवाहिनीचे आतील अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात, त्यामुळे भोवतीचा स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) लोह असते आणि त्याचा निरोप स्नायूच्या पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनातही लोह असते, म्हणजे वाहिनी सैल होण्याच्या क्रियेलाच लोह लागते. हेच लोह प्रथिनाच्या कवचातून सुटून मोकळे झाले, तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची प्रक्रिया होऊन अत्यंत दाहक असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते. या प्रक्रियेचे मूळ निरीक्षण फेंटन यांनी १८९४ सालीच नोंदवले होते. हे मूलक अस्तराच्या पेशींना इजा करते आणि एलडीएल कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण घडवते. असे कोलेस्टेरॉल भक्षकपेशी गिळत राहतात आणि धमनीच्या भिंतीत चरबीचा थर वाढत जातो.

म्हणून मी रुग्णांना नेहमी सांगतो की, लोह किती आहे हे विचारताना ते कुठे आहे हेही विचारावे. प्रौढ माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये आणि उरलेल्यातील बरेचसे यकृतात व भक्षकपेशींत साठवलेले असते. मोकळे लोह शरीर सहसा राहूच देत नाही. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत मात्र प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. ट्रान्सफेरिनच्या सर्व जागा भरतात, लोह रक्तात उघडे फिरू लागते आणि म्हणून लोह बाहेर काढणारी औषधे त्यांना नियमित घ्यावी लागतात.

हिमोक्रोमॅटोसिसची गोष्ट याहून विलक्षण आहे. या रुग्णांच्या यकृतात, स्वादुपिंडात, सांध्यांत आणि हृदयाच्या स्नायूत लोह साठते, त्यामुळे त्यांच्या धमन्याही लवकर चोंदाव्यात अशी अपेक्षा होती. परंतु त्यांच्यात धमनीकाठिण्य ठळकपणे वाढलेले आढळत नाही. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक त्यांच्यात अपुरे असते. हेप्सिडिन पेशींतून लोह बाहेर पडण्याची दारे बंद करते. ते कमी असले की भक्षकपेशी आपल्यातील लोह सोडून देतात आणि स्वतः जवळजवळ रित्या राहतात. धमनीच्या भिंतीत चरबी गिळत बसणाऱ्या पेशी याच, आणि त्या लोहाने भरलेल्या नसल्यामुळे भिंत काही अंशी वाचत असावी, असे या क्षेत्रातील अनेकांना वाटते. अशा रुग्णांच्या वाहिन्यांची रुंदावण्याची क्षमता मात्र कमी झालेली असते, आणि रक्त काढून लोह कमी केल्यावर ती सुधारते, हे २००२ च्या एका अभ्यासात दिसले आहे.

धमनीतील चरबीच्या थराचा पातळ छेद घेऊन त्यावर पर्ल्सची रंगप्रक्रिया केली, की लोह असेल तिथे गडद निळे ठिपके उमटतात. पहिल्यांदा ही काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिलो होतो. निळे ठिपके भिंतभर पसरलेले नव्हते. थराच्या आत नव्याने फुटलेल्या नाजूक केशवाहिन्यांच्या अवतीभवती, फुगलेल्या भक्षकपेशींच्या पोटात ते दाटून बसले होते. त्या केशवाहिन्या झिरपतात, तांबड्या पेशी थरात सांडतात, भक्षकपेशी त्या गिळतात आणि लोह तिथेच अडकून दाह वाढवते. अशा थराला तडा जाण्याचा धोका अधिक असतो. हे लोह आधीच आजारी असलेल्या जागी, तिथल्याच रक्तस्रावातून आलेले असते आणि रक्तातील फेरिटिनच्या आकड्यात ते दिसत नाही.

प्रश्न : वर्षातून तीनदा रक्तदान केले तर जादा लोह निघून जाऊन धमन्या स्वच्छ राहतात, हे खरे का?

उत्तर : रक्तदान अवश्य करा, परंतु ते दुसऱ्याच्या उपयोगासाठी करा. एका वेळच्या रक्तदानात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते, त्यामुळे साठा कमी होतो हे खरे आहे. त्याने धमन्यांचे विकार टळतात का, याची थेट परीक्षा अमेरिकेत झाली असून तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या १२७७ रुग्णांपैकी निम्म्यांचे रक्त दर सहा महिन्यांनी काढून लोह कमी ठेवले गेले. काही वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यातल्या त्यात कमी वयाच्या रुग्णांत काहीसा लाभ दिसला, पण तेवढ्यावर उपचार म्हणून रक्त काढण्याचा सल्ला कोणी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्तदाते निरोगी म्हणून निवडलेले असतात. त्यांच्यात हृदयविकार कमी दिसला तरी त्याचे श्रेय रक्तदानाला देणे घाईचे ठरते. वारंवार रक्तदान करणाऱ्यांत, विशेषतः स्त्रियांत, लोहाची कमतरता सहज निर्माण होते. आपण तीनदा रक्तदान करत असाल, तर वर्षातून एकदा फेरिटिन पाहून घ्यावे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे. हिमोग्लोबिन ८.९ आणि फेरिटिन ६ आहे. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. पण माझ्या थोरल्या भावाला ४५व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. गोळ्यांमुळे माझ्याही धमन्या खराब होतील या भीतीने दोन महिने मी त्या घेतलेल्या नाहीत.

उत्तर : ताई, आपली भीती समजते, भावाचा आजार डोळ्यांसमोर असताना ती वाटणारच. पण आपल्या हृदयावर आज जो ताण येत आहे तो लोह नसल्यामुळे येत आहे. गोळ्या आजपासून सुरू करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय, आणि निरोगी प्रौढ व्यक्तीचे फेरिटिन १५च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलेला समजतात. आपला साठा जवळजवळ रिता आहे. रक्तातून प्राणवायू कमी पोहोचतो म्हणून वाहिन्या रुंदावतात आणि हृदय अधिक वेगाने, अधिक रक्त ढकलत राहते. आपली धडधड म्हणजे हाच जादा खटाटोप आहे. असे फार काळ चालले, तर हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो. लोहाच्या कमतरतेत रक्तातील बिंबिकांची (प्लेटलेट्सची) संख्याही अनेकदा वाढते, आणि तीव्र कमतरता असलेल्या काही रुग्णांत मेंदूच्या शिरांत गुठळी झाल्याचे आढळले आहे. हे क्वचित घडते. आपल्याला घाबरवण्यासाठी मी ते लिहीत नाही. लोह कमी ठेवण्यात रक्तवाहिन्यांचे संरक्षण नाही, एवढेच त्यातून ध्यानात यावे.

फुप्फुसातील धमन्यांचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. पेशीला प्राणवायू पुरेसा मिळतो आहे की नाही, हे ओळखणाऱ्या विकरांना काम करण्यासाठी लोह लागते. लोह नसले की प्राणवायू असूनही पेशी तो कमी असल्यासारखी वागते, आणि प्राणवायू कमी असल्याचा निरोप मिळाला की फुप्फुसातील धमन्या आकसतात. समुद्रसपाटीवर राहणाऱ्या निरोगी पुरुषांना पेरू देशात चार हजार मीटरहून अधिक उंचीवर नेऊन केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शिरेतून लोह दिल्यावर फुप्फुसातील धमन्यांचा वाढलेला दाब उतरला.

गोळ्यांमुळे लोह ओसंडेल का, याचे उत्तर हेप्सिडिनमध्ये आहे. निरोगी आतडे दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह आत घेते. साठा रिता असताना हेप्सिडिन कमी असते आणि शोषण वाढते. साठा भरत आला की ते वाढून दार आवळले जाते. एक गोळी घेतल्यावर सुमारे चोवीस तास हेप्सिडिन चढलेले राहते, म्हणून एक दिवसाआड गोळी घेतल्यास त्यातील अधिक अंश शोषला जातो, असे लोह कमी असलेल्या स्त्रियांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसले. पोटाला त्रास होत असेल, तर ही पद्धत आपल्याला चालेल का हे डॉक्टरांना विचारा. गोळी चहा किंवा कॉफीबरोबर घेऊ नका. शौचाचा रंग काळसर होईल. त्याची काळजी नको. साधारण चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा, आणि ते पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. अनेक जण नेमक्या याच टप्प्यावर त्या सोडतात.

आणखी दोन गोष्टी. लोह इतके कमी का झाले, हे शोधलेच पाहिजे. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, पचनमार्गातून रक्त जाते का, हे विचारल्याशिवाय आणि गरज असेल तर तपासल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाहीत. आणि भावाला इतक्या लवकर झटका आला असल्याने आपला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर आताच पाहून घ्या. घराण्यातील धोका असेल, तर तो तिथे सापडेल.

प्रश्न : माझ्या आईच्या दोन्ही पायांना व्हेरिकोज व्हेन्स आहेत. घोट्याच्या वर आतील बाजूला त्वचा तपकिरी, गंजासारखी झाली आहे. हे लोह आहे असे एकाने सांगितले. तिच्या लोहाच्या गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : हा रंग बऱ्याच अंशी लोहाचाच आहे, पण तो गोळ्यांमुळे आलेला नाही. शिरांतील झडपा सैल पडल्या की रक्त वर चढण्याऐवजी खाली साचते आणि घोट्याजवळच्या बारीक वाहिन्यांवर दाब वाढतो. त्या दाबाने तांबड्या पेशी वाहिनीबाहेर, त्वचेत येतात. भक्षकपेशी त्यांची विल्हेवाट लावतात, पण त्यांतील लोह हिमोसिडेरिन या रूपात तिथेच राहते. बोटाने दाबल्यावर हा डाग फिका पडत नाही, कारण रंग वाहिनीत नसून बाहेर त्वचेत आहे. असा डाग असताना संपूर्ण शरीरातील लोह कमी असू शकते. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये त्वचा काळवंडते ती मुख्यतः उघड्या भागांवर, चेहऱ्यापासून हातांपर्यंत. दोन घोट्यांपुरती नाही.

गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, हे आईच्या हिमोग्लोबिन आणि फेरिटिनवरून ठरेल. डागाने सावध व्हावे ते वेगळ्या कारणासाठी: तिथली त्वचा नाजूक झालेली असते आणि किरकोळ खरचटण्यातूनही चिघळणारी जखम होऊ शकते. दाब देणारे मोजे उपयोगी पडतात, परंतु ते घालण्यापूर्वी पायाच्या धमन्यांतील रक्तप्रवाह डॉक्टरांकडून तपासून घ्या. धमन्या अरुंद असतील तर घट्ट मोज्यांनी अपाय होतो. त्वचा कोरडी राहू देऊ नका, आणि बसताना पाय उंचावर ठेवण्याची सवय लावा.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के असून एक स्टेंट आहे. फेरिटिन ८०, म्हणजे प्रयोगशाळेच्या मते योग्य. तरीही हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात की लोह कमी आहे आणि ते शिरेतून द्यावे लागेल. गोळ्यांनी भागणार नाही का? आणि शिरेतून थेट रक्तात दिलेले लोह स्टेंटला बाधणार नाही ना?

उत्तर : आपल्या तज्ज्ञांचे बरोबर आहे. हृदय निकामी होत असताना शरीरात मंद दाह चालू असतो आणि त्यामुळे फेरिटिन मुळातच वर ढकलले जाते. म्हणून अशा रुग्णांसाठी मोजपट्टी वेगळी ठेवली आहे: फेरिटिन १००च्या खाली असेल, किंवा १०० ते २९९ असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोहाची कमतरता मानतात. त्याच दाहामुळे हेप्सिडिन वाढते आणि आतड्यातून लोह आत येण्याचा मार्ग आवळला जातो. गोळ्यांनी अशा रुग्णांची चालण्या-फिरण्याची ताकद वाढत नाही, हे २०१७ च्या चाचणीत दिसले. शिरेतून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज दिल्यावर लक्षणे कमी झाली आणि चालण्याचे अंतर वाढले, हे २००९ साली ४५९ रुग्णांच्या चाचणीत दिसले होते.

स्टेंटविषयीची शंका रास्त आहे. मात्र हे औषध म्हणजे मोकळे लोह नव्हे. कर्बोदकाच्या कवचात बांधलेले लोह भक्षकपेशी आधी आत घेतात आणि मग हळूहळू ट्रान्सफेरिनच्या हवाली करतात. २००९ नंतरच्या मोठ्या चाचण्यांतील अनेक रुग्णांना आपल्यासारखाच धमन्यांचा विकार होता, आणि शिरेतून लोह दिल्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे त्यांत आढळले नाही. औषध देताना आणि त्यानंतर अर्धा तास आपल्याला देखरेखीखाली ठेवतील, कारण क्वचित कोणाला ॲलर्जी होते. पूर्वी कोणत्याही इंजेक्शनने त्रास झाला असेल तर तो आधीच सांगा. काही आठवड्यांनी फॉस्फेटची पातळी पाहायची का, हेही विचारून ठेवा, कारण या विशिष्ट औषधाने ती काही जणांत उतरते आणि आलेला थकवा मग चुकून हृदयाच्या खाती जमा होतो.